भागुबाईचा पाच किलोचा दगड

खोटं कशाला बोलू, मी जळत होतो. चांगला खरपूस जळत होतो, आणि तेही ज्ञानेशवर, ज्याच्याबरोबर मखमलाबादच्या शाळेत मी दहा वर्षं एका बाकावर बसलो.

तो पुढे कॉलेजात गणिताचा सर झाला. फ्लाइंग क्लबात जाऊन वैमानिकाचं लायसन्सही काढून आला. मी अंबडला पत्र्याचं आणि वेल्डिंगचं शेड टाकलं. चार वर्षांपूर्वी त्याने बाहेरच्या देशातून विमानाचे नकाशे मागवले. दोन माणसं बसतील एवढंसं विमान, आपलं आपण बांधायचं. नकाशे त्याचे, मान्य. पण बांधलं कुणी? माझ्या शेडमध्ये, माझ्या या दोन हातांनी. सांगाड्याचा एकेक सांधा मी जोडला, पंखाचा पत्रा मी वाकवला. छाया, माझी बायको, म्हणायची की तुम्ही माझ्यापेक्षा त्या पत्र्याशी जास्त बोलता. खरंच होतं ते.

आणि मग एका सकाळी पेपरात बातमी आली, नाशिकच्या प्राध्यापकाने बांधलं विमान. फोटोत ज्ञानेश विमानाच्या नाकावर हात ठेवून नवरदेवासारखा उभा, आणि उजव्या कडेला माझा कोपर. नुसता कोपर! खाली बातमीत लिहिलं होतं, ‘स्थानिक कारागिरांच्या मदतीने’. छायाने समजूत घातली की पेपरवाल्यांनी फोटो कापला असेल. मी म्हणालो, कापायला त्यांना बरं माझंच तोंड सापडलं. त्या दिवशी मी जेवलो नाही.

नेमकं त्याच दुपारी विमानाचं वजन करायचं होतं. विमानाची तीन चाकं तीन काट्यांवर चढवायची आणि आकड्यांवरून भार नेमका कुठे तोलतो ते काढायचं. मोठे दोन काटे द्राक्षांच्या पॅकिंग हाऊसमधून मिळाले. शेपटीच्या चाकासाठी लहान काटा हवा होता. तो मी घाईघाईत आमच्या फुलांच्या आडत्याच्या गाळ्यावरून उचलून आणला. शेपूट सरळ रेषेत यावी म्हणून स्टुलावर काटा ठेवला, त्यावर चाक टेकवलं. अठरा किलो. ज्ञानेशने आकडा लिहून घेतला.

आणि मला आठवलं की हा काटा मारलेला आहे.

माझी आई भागुबाई गेली वीस वर्षं त्या गाळ्यावर झेंडू घालते. तिच्या पाटीत फुलांच्या खाली गोदावरीतला एक गुळगुळीत दगड असतो. सरकारी शिक्क्याच्या वजनाशी तोलून घेतलेला, बरोबर पाच किलोचा. कुठल्याही काट्यावर आई आधी दगड ठेवते, मग फुलं. या काट्यावर तो दगड साडेचार भरतो. तिच्यापुढे आडत्याची मान खाली असते, तिचं वजन तो निमूट वाढवून धरतो. म्हणजे शेपूट अठरा नव्हे, वीस किलो होती.

मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात ज्ञानेशचा फोन वाजला. कुणीतरी पत्रकार असावा. ज्ञानेश त्याला हसत म्हणाला, हो हो, मीच बांधलं. मी तोंड मिटलं. म्हटलं, तूच बांधलंयस ना, मग तूच बघ.

शेपूट अठराच धरल्याने कागदावर विमान नाकाकडे जड दिसत होतं, म्हणून त्याने नाकातली बॅटरी काढून सीटच्या मागे बसवायला सांगितली. मीच बोल्ट आवळले, काय सांगू. दोन किलोने असा काय फरक पडतो, अशी मनाची समजूत घालत आवळले. परवानगी आली, विमान दोनदा उडालं, गावाला वळसा घालून गुमान खाली आलं. सरळ उडताना त्यात काही कळत नाही. लोकांनी हार घातले, पेढे वाटले. एक पेढा मीही खाल्ला.

मग ज्ञानेशने जाहीर केलं की येत्या रविवारी गिरकीची चाचणी.

गिरकी म्हणजे काय, ते त्यानेच मला चहाच्या टपरीवर बशी फिरवून शिकवलं होतं. आठ हजार फुटांवर जायचं, वेग कमी करत करत पंखांचा दम संपवायचा आणि एका बाजूच्या पायाने रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, दाबायचं. विमान नाक खाली करून गरगरत पडायला लागतं. मग उलटा पाय, हातातला दांडा पुढे, आणि ते सरळ होतं. छोट्या विमानांचे कितीतरी वैमानिक या गिरकीत गेलेत, म्हणून ती एकदा उंचावर करून बघायची. पण शेपूट जड असली तर नाक खाली जातच नाही. विमान त्या बशीसारखं आडवं फिरत येतं, आणि मग पाय मारा नाहीतर देवाचा धावा करा, ते जमिनीवरच थांबतं. हे सगळं मला पाठ होतं.

शनिवारी संध्याकाळी मी आईच्या मळ्यात गेलो आणि दगड मागितला. ती हार ओवत बसली होती.

“कोनाचा काटा तपासायचा हाय?”

मी म्हणालो, ज्ञानेशचं काम आहे.

“ग्यानूचं?” तिने सुई थांबवली. “तो तं घरचाच हाय. त्याच्याशी बी कोनी खोटं वागाय लागलं का?”

मी दगड उचलला आणि निघालो. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी दिंडोरीच्या अंगाला असलेल्या त्या खासगी धावपट्टीवर पोचलो, तर पाठीला पॅराशूट बांधून ज्ञानेश विमानात बसलेलाही होता. बाजूला पंधरावीस माणसं मोबाईल धरून उभी. मी पंखाजवळ जाऊन हळूच सांगितलं की शेपटीचं वजन चुकलंय, बॅटरी पुढे घेऊ, आज गिरकी नको. तो आधी हसला. मग त्याचा चेहरा उतरला.

“नवन्या, तुला माझं कौतुक बघवत नाही. फोटो आला त्या दिवसापासून बघतोय मी. निदान आज तरी आडवा येऊ नकोस.”

खरंच बोलत होता तो. लांडगा आला रे आला, तशी माझी गत झालेली. तोंडावरच जळकेपणा लिहिलेला, त्या तोंडाने खरं सांगितलं तरी कोण ऐकणार?

येताना आडत्याचा तोच काटा मी पुन्हा उचलून आणला होता, तो पिकअपमधून काढला, विमानाच्या पंख्यासमोर जमिनीवर ठेवला आणि वर आईचा दगड ठेवला. म्हणालो, खाली उतरून बघ, नाहीतर माझ्या अंगावरून विमान ने.

तो उतरला. दगड बघताच थबकला. लहानपणी आईच्या पाट्या आम्ही दोघांनी बाजारापर्यंत वाहिल्या होत्या, त्या दगडाचा भार त्याच्याही डोक्याला माहीत होता. काट्यावर साडेचार. त्याने दगड उचलून पुन्हा ठेवला. साडेचार. तिसऱ्यांदाही साडेचारच. मग तो उकिडवा बसला आणि खिशातल्या पेनने तळहातावर हिशेब मांडला. पेन थांबलं तेव्हा त्याच्या ओठांचा रंग गेला होता.

“हा काटा असा आहे, हे तुला कधी कळलं?”

काल, असं म्हणता आलं असतं. एवढासा शब्द, आणि सगळं निभावलं असतं.

“वजन केलं त्याच दिवशी,” मी म्हणालो.

“मी दोनदा उडालो, नवनाथ.”

“हो.”

शाळेपासून त्याने मला नवनाथ म्हटलेलं मला आठवत नाही.

त्याने पॅराशूट सोडलं आणि दहा नंबरचा पाना मागितला. आम्ही दोघांनी मिळून बॅटरी पुन्हा नाकात बसवली. नंतर चांगले काटे आणून वजन केलं, आणि तीन आठवड्यांनी त्याने गिरकी घेतली. नाक खाली गेलं, दीड फेरी, आणि विमान सरळ. खाली उभ्या उभ्या मी लहान पोरासारखा रडलो, छाया दंडाला धरून होती.

या वेळी पेपरात माझा अख्खा फोटो आला, नावासकट. ज्ञानेशने स्वतः फोन करून पेपरवाल्यांना ते छापायला लावलं. त्या पहिल्या वेळीही त्याने माझं नाव सांगितलं होतं, हे मला ती बातमी लिहिणाऱ्या पत्रकाराकडूनच कळलं. छायाने तो फोटो फ्रेम करून लावलाय. मी त्याच्याकडे फारसं बघत नाही.

ज्ञानेश अजून शेडवर येतो. चहा पितो, हसतो, आता दुसऱ्या विमानाचे नकाशे आलेत. पूर्वी मी माप सांगितलं की तो डोळे झाकून लिहून घ्यायचा. आता सांगितलं की हो हो म्हणतो, आणि मी पाठ फिरवली की हळूच टेप काढून पुन्हा मोजतो. भांडला असता, दोन शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं.

दगड त्या रविवारपासून ज्ञानेशच्या टेबलावर असतो. आई अधूनमधून विचारते, माझा दगड कधी आनतो रे? मी सांगतो, राहू दे आई, ग्यानूला लागतो तो.