पाण्यावरची गोळी

गाणं मध्येच तुटलं, आणि आर्डिथच्या हातातली बंदूक एकाएकी जड झाली.

तोवर दुपार चांगली चालली होती. मे महिन्यातला शनिवार. केंटकीच्या त्या डोंगरांत डॉगवूडची पांढरी फुलं नुकतीच गळून गेली होती आणि तळ्याकाठचं गवत गुडघ्याला लागत होतं. आर्डिथ आणि तिचा धाकटा भाऊ डॉयल घेवडा नि मक्याची भाकरी खाऊन डबे फोडायला आले होते. शनिवारचं त्यांचं ते ठरलेलंच. आठवडाभराचे रिकामे डबे पोत्यातून आणायचे, तळ्याच्या डाव्या अंगाच्या मातीच्या दरडीशी ओळीनं मांडायचे, आणि पॉईंट टू-टूच्या बारक्या बंदुकीनं एकेक उडवायचा. त्यात ना शिकार, ना पैज. डबा उडाला की ठण्ण आवाज होतो आणि आठवडाभर मनात साचलेलं काहीबाही त्याबरोबर उडून जातं, एवढंच.

आर्डिथची बंदूक एका वेळी एकच काडतूस घेणारी. ती दहा वर्षांची असताना बापानं हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली, खिळ्यांच्या पुड्या आणि कुंपणाची तार यांच्या जोडीला, त्याच भावात म्हणा ना. आता आर्डिथ सत्तावन्नची झाली होती. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या नोकरीतून गेल्याच वर्षी मोकळी झाली होती, आणि बंदुकीचा दस्ता तिच्या गालाला घासून घासून नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झाला होता. डॉयलची बंदूक नवी, प्लास्टिकच्या दस्त्याची, दहा गोळ्या एका दमात ओकणारी.

"तुझी बंदूक आता म्युझियमला देऊन टाक ताई," डॉयल म्हणाला. "एक गोळी मारतेस, तेवढ्यात माझं जेवण होतं."

"आणि तुझी अगदी तुझ्यावर गेलीय. तोंड भराभर चालतं, लागत कुठंच नाही."

काडतुसं स्वस्तातली, पाचशेचा एक डबा. त्यांतलं एखादं फुसकं निघायचं. बंदुकीची सुई काडतुसाच्या कडेवर आपटायची, टिक् व्हायचं, आणि पुढं काही नाही. मग बंदूक तशीच दरडीकडं धरून तीसपर्यंत आकडे म्हणायचे, न जाणो उशिरा पेट घेतला तर. आर्डिथ ते आकडे तोंडानं मोठ्यानं म्हणायची. डॉयल हसायचा. बापानं शिकवलेल्या कुठल्याच गोष्टीत तिनं सत्तेचाळीस वर्षांत काटकसर केली नव्हती.

त्या दिवशी मात्र केली.

डॉयलनं कॉफीचा मोठा डबा तळ्यात भिरकावला. तो बुडाला नाही. वाऱ्यानं हलके हलके पलीकडच्या काठाकडं निघाला, लाल रंगाचा, बदकासारखा डुलत.

"मार त्याला," डॉयल म्हणाला. "उभा डबा कुणीही मारतं. चालता मार."

"पाण्यावर नको. बाबा काय म्हणायचे?"

"बाबा म्हणायचे, रविवारी पत्ते खेळले की हात झडतो. माझे दोन्ही आहेत. पाणी मऊ असतं गं, गोळी जाईल खाली चिखलात."

बाप म्हणायचा, पाण्याला पाठ असते. सरळ आलेल्याला ते पोटात घेतं, तिरक्या आलेल्याला पाठीवरून फेकून देतं. आर्डिथला ते तोंडपाठ होतं. पण डबा डुलत होता, ऊन पाठीवर गोड लागत होतं, भाऊ हसत होता. तिनं दस्ता गालाला लावला. गोळी डब्याच्या हातभर अलीकडं पडली. पाण्यावर एक पांढरी रेघ उठली. आणि मग जो आवाज आला तो ठण्णही नव्हता, टिक्‌ही नव्हता. झ्यूंऽऽव करत काहीतरी वर उठलं आणि पलीकडच्या टेकाडावरून गेलं.

टेकाडावर कबरस्तान होतं. आणि कबरस्तानात ट्रेसीमावशी गात होती.

ती तासाभरापासून गात होती. पुढच्या रविवारी कबरी सजवायचा दिवस. त्या दिवशी सगळी घराणी डबे घेऊन टेकाडावर जमतात, कबरींवर फुलं वाहतात, तिथंच चादरी अंथरून जेवतात. ट्रेसीमावशी एक्याऐंशीची, पण गवत काढायला ती दर वर्षी आठवडाभर आधी, एकटी जायची आणि कुदळीच्या तालावर गायची. आर्डिथला ते गाणं सारखं ऐकू येत होतं. पण पाखराचं जसं ऐकू येतं तसं. कानात होतं, ध्यानात नव्हतं.

*नदीपल्याड गं माझं, पांढरं ते घर,*
*पाय भिजू दे रे देवा, हात तेवढा*

इथं ते तुटलं.

दोघं उभी राहिली. तळ्यावरची वर्तुळं काठाला येऊन विरली. आर्डिथ पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिली, तीसपर्यंत आकडे मोजून झाले तरी.

"संपलं असेल गाणं," डॉयल म्हणाला.

"'हात तेवढा'वर गाणं संपतं होय रे?"

डॉयलच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, नुसतं पांढरं पडलं. "दम लागला असेल म्हातारीला. पाणी प्यायला थांबली असेल."

"ट्रेसीमावशी!" आर्डिथनं हाक मारली. टेकाडानं तीच हाक परत दिली.

"मी गाडी घेऊन रस्त्यानं वर येतो," डॉयल म्हणाला. "तू पायवाटेनं हो पुढं. ताई, तू बघ आधी. मी येतोच."

तिनं बंदूक उघडून गवतात ठेवली. कधी गवतात ठेवत नसे.

तळ्याला वळसा घालून टेकाडावर जायला दहा मिनिटं लागतात. त्या दिवशी ती वाट कोणीतरी ओढून लांब केली होती. रानबोरांच्या काट्यांनी तिचा झगा धरला, सोडला, पुन्हा धरला. ती हाका मारत होती आणि प्रत्येक हाकेनंतर थांबत होती, आणि थांबलं की आपलंच काळीज ऐकू येई म्हणून पुन्हा चालत होती. एवढीशी गोळी, ती मनाशी म्हणत होती. मक्याच्या दाण्याएवढी. तिच्यानं काय होणार. आणि लगेच काडतुसांच्या डब्यावरचं छापील वाक्य डोळ्यापुढं येई, गोळी दीड मैल जाऊ शकते. वर्षानुवर्षं ते वाक्य तिनं अंगठ्याखाली दाबून डबा उघडला होता.

याच ट्रेसीमावशीनं तिला जन्माच्या वेळी हातात झेललं होतं. आईनं सांगितलेलं, पोर निळी पडली होती, मावशीनं फुंकर घालून रडवली. देवा, तिला काही झालं नसेल तर मी… पण तर काय, ते तिला सुचेना. देवाला द्यायला तिच्याजवळ असं काय होतं?

वर अर्ध्या कबरी साफ झाल्या होत्या. त्यांच्यावर प्लास्टिकची नवी फुलं. कुदळ आडवी पडली होती. बादली कलंडलेली, पाणी अजून उताराला पाझरत होतं. आणि वाटेत एक बूट. काळा, नाडी सुटलेला, त्यात पाय नसलेला.

आर्डिथला त्या बुटापलीकडं पाऊल टाकवेना. पण टाकलं.

कबरीच्या एका मोठ्या दगडामागं ट्रेसीमावशी पालथी पडली होती. गाल गवतात, डोळे उघडे. आर्डिथ तिच्याकडं पाहत राहिली. डोळे हलेनात. एक मुंगी मावशीच्या कपाळावरून भुवईपर्यंत चालत गेली.

मग एक डोळा मिटला आणि उघडला.

"खाली हो, पोरी," मावशी कुजबुजली. "तिकडून कोणीतरी मारतंय."

आर्डिथ मावशीच्या पाठीवरून, मानेवरून, केसांतून हात फिरवू लागली. हात पुन्हा पुन्हा स्वतःच्या डोळ्यांसमोर धरून बघू लागली. कोरडे होते.

"लागलं का कुठं? मावशी, लागलं का?"

"बूट सोडून पळाले, एवढंच लागलं. डोकं खाली घे म्हणते ना. कानाच्या डाव्या अंगानं गेली, गांधीलमाशी चिडून जाते तशी. कुणा मेल्याचं मी काय खाल्लंय?"

"मीच होते ती."

मावशीनं गालाला चिकटलेलं गवत काढलं नाही.

"तू?"

"डबा पाण्यात होता. पाण्यावर मारली."

"बापानं तुला सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं."

"हं." मावशी हळूहळू उठून बसली. दगडाला पाठ टेकली. तिचा जबडा आतल्या आत थरथरत होता, आणि तो थांबवायला ती बोलत होती. "वीस वर्षं झाली मरणाची वाट बघतेय. नवरा गेला, बहिणी गेल्या. म्हटलं, झोपेत येईल, नाहीतर न्यूमोनियात येईल. ते तुझ्या हातून यायचं होतं, कॉफीच्या डब्यापायी. वरती गेल्यावर लोकांना काय सांगितलं असतं मी?"

आर्डिथला रडू फुटलं. मावशीनं तिला रडू दिलं, थोडा वेळच. मग म्हणाली, "शोध आता."

"काय?"

"गोळी. कुठं पडली बघ. ती माझ्यापाशी थांबली नाही."

आर्डिथ गुडघ्यांवर रांगत शोधू लागली. दगडांवर ताजा टवका आहे का, मातीत बोटाएवढं भोक आहे का. मावशी बसल्या जागेवरून हातानं दाखवत होती, इथून आली, अशी गेली. दगड सगळे धड होते. माती धड होती. मावशीचा हात जिकडं जात होता तिकडं आर्डिथ सरकत गेली, आणि कबरस्तानाचं कुंपण आलं, आणि कुंपणापलीकडं जमीन खाली उतरत गेली.

खाली पलीकडच्या खोऱ्यात दोन घरं होती. एक, कोळशाची खाण बंद पडून माणसं निघून गेल्यापासून खिडक्यांना फळ्या ठोकलेलं. दुसऱ्याच्या धुराड्यातून धूर निघत होता. अंगणात दोरीवर वाळत घातलेले कपडे. त्यांत लहान लहान विजारी.

डॉयलची गाडी धुरळा उडवत आली. मावशीला बसलेली पाहून त्यानं टोपी काढली, तोंड पुसलं, आणि हसला, सुटल्यासारखा. "आहे ना धड? मी म्हटलंच होतं. झालं तर मग, चल ताई घरी."

"झालं नाही," आर्डिथ म्हणाली. ती खालच्या घराकडं बघत होती.

डॉयलनंही पाहिलं. "छे गं. तिथवर कुठली जातेय."

"जा," ट्रेसीमावशी आर्डिथला म्हणाली. "धावत जा. आणि तू रे शहाण्या, माझा बूट आण."

उतारावर पळताना सत्तावन्न वर्षांचे गुडघे आपले राहत नाहीत. दोनदा ती बसकण मारून घसरली. घराच्या ओट्यावर लर्लीन बटाटे सोलत होती. तीन लेकरांची आई, पंचविशीतली, दर रविवारी चर्चमध्ये आर्डिथच्या पुढच्या बाकावर बसणारी.

"अगंबाई, आर्डिथमावशी? केवढा दम लागलाय. बस, पाणी आणते."

"मुलं कुठंयत?"

"असतील इथंच. का?"

"बोलव."

"काय झालं?"

"आधी बोलव, मग सांगते."

लर्लीननं सुरी खाली ठेवली. हाक मारली ती सुरात, जेवायला बोलावतात तशी. थोरला ओट्याखालून निघाला, केसांत जळमटं. मधली कोंबड्यांच्या खुराड्यामागून आली, हातात अंडं घेऊन.

"आयव्हाली," लर्लीन पुन्हा ओरडली. "ए आयव्हाली."

खुराड्यातल्या कोंबड्या तेवढ्या कलकलल्या.

"आत्ता तर इथं होती," थोरला म्हणाला.

लर्लीननं आर्डिथकडं पाहिलं. एवढ्यात तिला काहीतरी कळलं होतं. काय ते नाही, पण आहे एवढं. तिनं तिसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा आवाजात सूर नव्हता.

आर्डिथ कपड्यांच्या दोरीकडं चालू लागली. दोरी टेकाडाच्या बाजूला होती. मोठ्या चादरीखाली, गवतात, दोन उघडी पावलं दिसत होती, चिमुकली. चादर वाऱ्यानं हलत होती. पावलं हलत नव्हती. आर्डिथनं चादरीचा काठ धरला. ओला होता, गार होता. तिला तो वर करवेना. चार पोरांच्या वजनाचं कापड जणू.

तिनं काठ वर केला.

पोरगी चादरीत तोंड खुपसून उभी होती, डोळे घट्ट मिटून.

"सांगू नको," ती म्हणाली. "मी लपलेय."

आर्डिथनं तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. वळवून पाठीमागून पाहिलं. मग तिथंच गवतात बसली. लर्लीन धावत येऊन पोचली होती.

"आता सांग," लर्लीन म्हणाली. "काय झालं?"

आर्डिथनं सांगितलं. तळं, डबा, पाणी, टेकाड. एकही शब्द गाळला नाही, डॉयलचं नाव घेतलं नाही. बोलताना ती लर्लीनच्या तोंडाकडं बघत होती, आणि तिथं काय काय येतंय आणि काय काय जातंय ते तिला दिसत होतं.

लर्लीननं धाकटीला उचलून कडेवर घेतलं. मधलीला झग्याशी ओढलं. थोरल्याला नुसतं "आत जा" म्हणाली. मग आर्डिथकडं तोंड ठेवूनच ती एकेक पाऊल मागं सरत घराकडं गेली.