गंगीचा उजवा हात

मित्रांनो, घाटंजीच्या बागेत फाटकातून आत आलात की कडुनिंबाखाली, चौथऱ्यावर एक गुडघा टेकून बसलेली सिमेंटची बाई दिसेल. ती मीच. पाटीवरची अक्षरं पुसट झाली आहेत, म्हणून स्वतःच सांगते. गंगी नावाच्या एका बाईची आठवण म्हणून लोकांनी मला घडवलं आणि तेव्हापासून तिचंच नाव मला लागलं. मी आता फार थकले आहे. पण माझी हकिगत तुम्हाला सांगावी असं वाटतं.

गंगी जवळच्या बंजारा तांड्यावर राहायची. एका बाजाराच्या दिवशी ती नाल्याकाठी शेळ्या चारत होती. वरच्या रानात मोठा पाऊस झालेला. बाजाराला निघालेला एक टेम्पो नाल्यावरच्या बुटक्या पुलावर, रपट्यावर, बंद पडला आणि बघता बघता पाणी चढलं. टेम्पो कलंडला, माणसं वाहू लागली. काठावर एक करंज होता. गंगीनं डाव्या हातानं त्याचं खोड कवटाळलं, पाण्याजवळ गुडघा टेकला आणि उजवा हात पुढे केला. ज्याच्या हाती तो लागला, तो वाचला. बाया आल्या, लेकरं आली, आणि सगळ्यांत शेवटी घनश्याम आला. त्याचं कापडाचं दुकान होतं. अंगानं तो चांगला भारी. त्याला वर ओढायला गंगीला फार वेळ लागला, पण तिनं सोडलं नाही.

गावानं तिचा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला. पुढे काही वर्षांनी ती तापानं गेली. तेव्हा घनश्यामनंच पुढाकार घेतला. "ज्या हातानं मले वाचवलं, तो हात लोकाइले दिसला पाह्यजे," असं तो दारोदार सांगत फिरला. म्हणून मी झाले.

मला घडवलं उकंडा मिस्त्रीनं. पोळ्याला तो मातीचे बैल करायचा आणि एरवी घरं बांधायचा. त्यानं सळया वाकवून माझा सांगाडा केला, त्यावर जाळी ताणली आणि सिमेंटचा गिलावा चढवला. गंगीचा फोटो कोणाकडेच नव्हता. मग त्यानं तिच्या लेकीला, शीलाला, समोर बसवलं आणि तिच्या चेहऱ्यावरून माझा चेहरा काढला. ओढणीत खरे आरसे बसवले. मी एकदम वाळून तडकू नये म्हणून कितीतरी दिवस तो मला ओलं गोणपाट पांघरत असे. सगळ्यांत जास्त मेहनत त्यानं माझ्या उजव्या हातावर घेतली. तो खांद्यापासून सरळ पुढे ताणलेला होता, बोटं उघडी.

माझं अनावरण झालं त्या दिवशी बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. हार इतके पडले की मला समोरचं दिसेना. वाचलेली माणसं एकेक करून आली आणि माझ्या हाताला हात लावून रडली. मला वाटलं, आपण कायम असाच हात पुढे ठेवायचा, याहून चांगलं काम कोणतं?

पहिली काही वर्षं त्या तारखेला लोक येत राहिले. नंतर तारीख विसरली गेली, पण हात मात्र सगळ्यांच्या उपयोगी पडू लागला. सकाळी फिरायला येणारे त्यावर स्वेटर टांगत. कोणी ओला टॉवेल वाळत घाली. वाढदिवसाच्या फलकांच्या दोऱ्या माझ्या मनगटाला बांधल्या जात. फलक जाई, दोरी तशीच राही. मुलं तर लोंबकळायचीच. मुलांवर मी कधी रागावले नाही. खेळणं हा त्यांचा धर्म आहे. पण खांद्यात बारीक भेग पडली होती, तिच्यातून पाणी आत जात होतं आणि पार कोपरापर्यंत सळई गंजून फुगत होती. दर उन्हाळ्यात घनश्याम माणूस पाठवून मला सोनेरी रंग द्यायचा. भेगेवरही रंग बसायचा. मग सगळे म्हणायचे, पुतळा कसा नव्यासारखा आहे!

मित्रांनो, सतत पुढे केलेला हात किती जड होतो, हे उभ्या जन्मात मला कोणी विचारलं नाही.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. घनश्यामची नात सुरभी माझ्या हाताला लोंबकळून झोके घेत होती. अचानक कोपराजवळचं सिमेंट फुटलं. सुरभी चौथऱ्याच्या कडेवर आदळली आणि तिचा हात मोडला. तिची किंकाळी ऐकून सगळी बाग धावली. सळई उघडी पडलेली, आणि अर्धा हात नुसता तिच्या आधारावर लटकत होता. ते लेकरू माझ्यासमोर रडत होतं आणि मला वाकून त्याला उचलताही येत नव्हतं. त्या दिवसाइतकं वाईट मला कधीच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी लोक जमले. "तो हात तोडून टाका," एक जण म्हणाला. "नुसता हात काहून? पुतळाच हटवा. इथं फोटो काढायची मस्त जागा करू," दुसरा म्हणाला. घनश्याम आता म्हातारा झाला होता. काठी टेकत तो आला, माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "गंगीच्या पोरीले बोलवा. तिले इचारल्याबिगर कोणी हात लावायचा नाही."

शीला वेचणी टाकून वावरातून तशीच आली. ओढणीला कापसाचे तंतू चिकटलेले. इतक्या वर्षांत तिच्याही चेहऱ्यावर सुरकुत्या पडल्या होत्या. माझा चेहरा तिचा होता, पण आता आम्ही सारख्या दिसत नव्हतो.

घनश्याम म्हणाला, "शीले, लोकं तुह्या मायचा हात तोडा म्हनून राह्यले. मायी नात पडली, तरी मायाच्यानं हो म्हणवत नाही. याच हातानं मले वढलं ना."

शीला चौथऱ्यावर चढली. माझ्या खांद्याच्या भेगेवरून तिनं बोटं फिरवली. मग म्हणाली, "तोडा, काकाजी."

सगळे चपापले.

"काकाजी, तुमी समद्याइनं याडीचा हात पाह्यला. खांदा कोणी पाह्यला नाही," ती म्हणाली. आईला ती याडी म्हणायची. "त्या दिवशी शेवटच्या मानसाले वढतानी तिचा खांदा निखळला. तो काही धड झाला नाही. त्या हातानं तिले कापूस येचता ये ना, मायी वेणी घालता ये ना. राती मले म्हने, शीले, जरा दाब वं."

घनश्यामचा चेहरा उतरला. शेवटचा माणूस कोण होता, हे तिथं सगळ्यांनाच माहीत होतं.

"तुमी तिले शाल दिली, ते आठवते काय?" शीलानं विचारलं.

"हो ना. म्या सोताच्या हातानं टाकली. तिच्या डोयात पानी आलतं."

"शाल त्याच खांद्यावर पडली, काकाजी. दुखल्यानं आलतं ते पानी."

घनश्याम चौथऱ्याच्या पायरीवर बसला. मग हळूच म्हणाला, "मी तांड्यावर गेलतो पोरी. दोनचारदा गेलतो. दरखेपी हात जोडले, उपकार झाले म्हटलं अन् निंगून आलो. दुखते काय, हे इचारलं नाही. तिनं तरी काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुमाले वाचल्याचं दुख झालं असतं. असं म्हने ती."

त्यानंतर कोणी वाद घातला नाही. फोटोची जागा हवी म्हणणारा मागच्या मागे निघून गेला.

उकंडा मिस्त्रीला घरून आणलं. त्याला आता कमी दिसत होतं, पण छिन्नी त्यानं दुसऱ्या कोणाला धरू दिली नाही. पहिला घाव बसला तेव्हा मी घाबरले. मग गंजलेली सळई निघाली, हात खाली आला, आणि खरं सांगते मित्रांनो, मला मोकळं वाटलं.

"आता नवा हात कसा करू?" उकंडानं शीलाला विचारलं. "पयल्यासारखाच ताणू काय?"

"नको बाबा. गुडघ्यावर ठेवा. काम सरल्यावर ती बसे, तसा."

उकंडानं तसाच केला. नवा हात कोपरात वाकलेला आहे आणि तळवा गुडघ्यावर निवांत टेकलेला आहे. सोनेरी रंग घनश्यामनं देऊ दिला नाही. प्लास्टर बांधलेली सुरभी आजोबांबरोबर बघायला आली होती. ती म्हणाली, "आबा, आता ही बसली." घनश्याम म्हणाला, "हो बेटा. बसू दे तिले."

सगळ्यांना काही हे आवडलेलं नाही. पूर्वी ही बाई कोणाला तरी वाचवताना दिसायची, आता नुसती बसलेली दिसते, असं कोणीकोणी म्हणतात. बरोबर आहे त्यांचं. मी नुसती बसलेली असते. बाजाराच्या दिवशी शीला येते, माझ्या शेजारी टेकते, भाकर खाते आणि तांड्याची वाट धरते. घनश्यामही कधी येतो. दोघं फारसं बोलत नाहीत. पण तो तिला आधी विचारतो, "शीले, तुये हातपाय बरे आहेत ना?" आणि ती उत्तर देईपर्यंत तो थांबतो.

मित्रांनो, बागेतल्या पुतळ्यांना लोंबकळू नका, त्यांना दोऱ्या बांधू नका, हे तर मी सांगेनच. पण आणखी एक मागणं आहे. तुमच्यासाठी कोणी झिजलं असेल, घरात असो की गावात, तर त्याचे आभार मानून लगेच उठू नका. थोडं थांबा. त्याला पाणी द्या, आणि म्हणा, आता तू बस.