मानसोकच्या नळाचं पाणी

मानसोकची बायको गुमजा धापा टाकत फाटकातून आत आली तेव्हा तो न्याहारीला बसला होता.

"पिलजुंगची आई पडली," ती म्हणाली. "आपल्याच उतारावर. खुबा मोडलाय. तासापूर्वीच पिलजुंग तिला गाडीत घालून वोनजूच्या इस्पितळात घेऊन गेला."

मानसोकच्या तोंडातला भात तोंडातच राहिला. "कशावरून घसरली?"

"कशावरून म्हणजे? सप्टेंबरपासून घसा कोरडा केला मी, नळ गळतोय, नळ गळतोय. बघा जाऊन बाहेर. फाटकापासून खालपर्यंत नुसती काच झालीय."

अंगणातला नळ खरोखरच तीन महिने गळत होता. मानसोकनं त्याच्याखाली एक बादली ठेवली होती आणि ती भरून वाहते हे त्याला माहीत होतं. ते पाणी फाटकाखालून गल्लीच्या उतारावर जायचं आणि डिसेंबर लागल्यापासून रोज थरावर थर गोठत होतं. उताराच्या खाली राहणारी पिलजुंगची आई ब्याऐंशी वर्षांची. रोज सकाळी ती हाच उतार चढून वरच्या आळीतल्या बायकांकडे गप्पांना जायची.

पण मानसोकला पहिली आठवण झाली ती म्हातारीची नव्हे, पिलजुंगची. भाताच्या गिरणीवर एकजण आईवरून काहीतरी बोलला, तेव्हा पिलजुंगनं त्याचा जबडा मोडला होता. मानसोकही काही साधू नव्हता. वाडवडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी त्यानं चुलतभावाचे दोन दात पाडले होते. पण पिलजुंगच्या वाटेला तो आजवर गेला नव्हता.

पिलजुंग इस्पितळातून परत यायच्या आत नळ थांबवायचा आणि उतारावरचा बर्फ फोडून टाकायचा, असं मानसोकनं ठरवलं. मग कोण म्हणणार, पाणी माझं होतं म्हणून?

"पाणी तापव," तो बायकोला म्हणाला. "मोठं पातेलं ठेव."

"तुम्ही नळ दुरुस्त करताय की पुरावा पुसताय?"

"तोंड बंद ठेव आणि पाणी तापव."

किमचीच्या लोणच्यासाठी आदल्या दिवशी मिठाच्या पाण्यात घातलेल्या कोबीचे तीन रबरी टब अंगणात मांडले होते. त्यांच्यामधून वाट काढत तो आधी फाटकाजवळच्या पाण्याच्या मीटरच्या खड्ड्याशी गेला. सगळ्या घराचं पाणी तोडणारा मेन कॉक तिथं होता. तो बंद केल्याशिवाय नळाचा वायसर बदलता येणार नव्हता. झाकण गोठून जमिनीला चिकटलं होतं. त्यानं पहारीचे चार घाव घातले, झाकणाचा कोपरा उडाला, पण झाकण हललं नाही. पाणी अजून तापलं नव्हतं; त्यानं झाकण तसंच सोडलं. पाना घेऊन नळाच्या मानेवरची चाकी जीव खाऊन आवळली. थेंब जरा थांबले. मग पूर्वीपेक्षा जोरात पडू लागले. त्यानं शिवी हासडली, पाना पट्ट्यात खोचला आणि पहार घेऊन उतारावरचा बर्फ फोडायला गेला.

अर्धा उतार झाला असेल नसेल, तोच पिलजुंगचा ट्रक खाली येऊन थांबला. पिलजुंग उतरला. त्याच्या अंगावर घरातलेच कपडे होते.

"काय करतोस?"

"रस्ता साफ करतोय, दादा. काकूंचं कळलं. फार वाईट झालं."

"हे पाणी कुठलं?"

"परवाच्या बर्फाचं असणार. वितळून पुन्हा गोठलं."

पिलजुंगनं उतारावर नजर टाकली. "परवा बर्फ पडलाच नाही," तो म्हणाला आणि मानसोकला वळसा घालून फाटकातून आत गेला. मानसोक मागोमाग धावला. नळाखालची बादली भरून वाहत होती.

पिलजुंग वळला आणि त्यानं मानसोकच्या तोंडावर बुक्की मारली. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मानसोकला कानात नव्हे, कवटीत ऐकू आला. हातातली पहार पडली. दुसरी बुक्की बरगडीत बसली. तिसरी यायच्या आत त्यानं पट्ट्यातला पाना उपसून फिरवला. तो पिलजुंगच्या डाव्या हातावर बसला आणि सुक्या फांदीसारखा कडकन आवाज झाला. पिलजुंग ओरडला नाही. डोकं खाली घालून तो बैलासारखा अंगावर आला, आणि दोघं मिळून नळावर आदळले. गंजका पाइप मुळापासून तुटला. पाण्याचा फवारा छपरापर्यंत उडाला.

मग पाना कुठं गेला ते कळलं नाही. पिलजुंगनं धड असलेल्या हातानं मानसोकची मान धरली आणि त्याचं डोकं कोबीच्या टबात दाबलं. मोडक्या नाकात, फुटलेल्या ओठांत, डोळ्यांत खारं पाणी शिरलं. मानसोक पाय झाडत होता. आपण आता मरणार, तेही आपल्याच अंगणात, कोबीत तोंड घालून, एवढंच त्याला समजत होतं. चाचपडता चाचपडता पिलजुंगचा मोडका हात त्याच्या हाती लागला. त्यानं तो पिरगळला. मानेवरची पकड सुटली.

तो वर आला तेव्हा पिलजुंग चिखलात गुडघ्यांवर होता आणि पहार मानसोकच्या पायाशी होती. त्यानं ती उचलली. डोक्यावर नेली. पिलजुंगनं वर पाहिलं, पण हात आडवा घातला नाही.

त्याच क्षणी मानसोकच्या मनगटावर उकळतं पाणी पडलं. किंचाळून त्यानं पहार टाकली. गुमजा पातेलं धरून उभी होती.  उरलेलं पाणी तिनं मीटरच्या झाकणावर ओतलं, झाकण उचकटलं, वाकून कॉक फिरवला. फवारा हळूहळू बसला.

"पाणी माझंच होतं," मानसोक म्हणाला. त्याच्या तोंडातून रक्ताचे फुगे येत होते.

"ते मला खालूनच दिसलं," पिलजुंग म्हणाला. मोडका हात पोटाशी धरून तो कसाबसा उभा राहिला. "आल्या आल्या म्हणाला असतास, तर एक थोबाडीत देऊन, आईचे कपडे घेऊन परत गेलो असतो. आई तिथं एकटी आहे."

पोलीस आले, जबाब झाले. दोघांनीही, आपण पडलो, असंच लिहून दिलं. शहरातल्या प्लंबरनं नवा पाइप टाकला. पिलजुंगच्या डाव्या हाताची दोन बोटं पुढं कधी नीट मिटली नाहीत, आणि तो मानसोकशी कधी बोलला नाही.

महिन्याभरानं, पिलजुंग कामावर असताना, मानसोक संत्री घेऊन इस्पितळात गेला. म्हातारी उशीला टेकून बसली होती. तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"नाकाला काय झालं रे?"

'घसरलो' हा शब्द त्याच्या जिभेवर आला होता. त्यानं तो गिळला.

"पिलजुंगदादानं मारलं, काकू. माझ्या नळाच्या पाण्यावरून तुम्ही पडलात. मी त्याला खोटं सांगितलं."

म्हातारीनं पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं.

"कमीच मारलं," ती म्हणाली आणि तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

मानसोक संत्री हातात घेऊन उभा राहिला. बस असं त्याला कोणी म्हटलं नाही.