खोलीची शांतता

भोंग्याचे बाबा शिड्यांवर उड्या मारायचे. चेष्टा नाही, नोकरीच होती ती! शिड्यांच्या कारखान्यात नवा माल तयार झाला की त्यातली एक शिडी त्यांच्यापुढे यायची. ते पार वरच्या पायरीवर चढायचे आणि दाणदाण उड्या मारायचे. शिडी कुरकुरली की नापास. असा जन्मभर उंचावर नाचलेला माणूस गेला तो घरच्या खुर्चीत, चहाची वाट बघत, बसल्या जागी.

भोंगा हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण ती दारात यायच्या आधी तिचा आवाज घरात शिरायचा, म्हणून बाबांनीच ठेवलेलं. तिनेही उसनं ठेवलं नाही. बाबांचं नाक जागेपणीसुद्धा बारीक शिट्टी घालायचं, म्हणून ते किटली.

"आई, किटली उतरव गं!" ती ओरडायची.

"आधी तो भोंगा बंद कर," बाबा पेपरामागून म्हणायचे. इतकंच. जास्त बोलणं त्यांच्या जिवावर यायचं.

आता भोंगा बंद होता आणि किटली थंड.

घरचे व्हिडिओ होते की ढीगभर. पण ते काढणारे बाबा, आणि भोंग्याच्या बडबडीपुढे त्यांना तोंड उघडायला मिळेल तर ना! त्यांचा आवाज म्हणून उरला होता एकच, कंपनीच्या पॉडकास्टमधला. कंपनीच्या एका शिडीवरून कुणीतरी पडलं होतं, बातम्या झाल्या होत्या, गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली होती. तेव्हा जनसंपर्काच्या साहेबांनी टूम काढली, की जाहिराती पुरे, आता आपली माणसंच लोकांशी बोलतील. पहिल्याच भागात बोलले शिडीवर उड्या मारणारे बाबा.

ते गेल्यावर आईने तो भाग लावला आणि तिसऱ्या वाक्याला बंद केला.

"कोण हा?"

"अगं, बाबाच."

"आवाज त्यांचा आहे. माणूस दुसराच आहे."

भोंग्याने पुन्हा लावून ऐकलं. "गुणवत्ता ही आमची बांधिलकी आहे," बाबा सांगत होते. बांधिलकी! ज्या माणसाचा 'चालेल'वर संसार झाला, तो बांधिलकी म्हणत होता. तेही न अडखळता, न खाकरता, इस्त्री केल्यासारखं. नाकसुद्धा वाजत नव्हतं.

त्यानंतर आई कामापुरतंच बोलायला लागली. एकदा भांडी पुसता पुसता हळूच म्हणाली, "कसे बोलायचे गं ते? मला आठवतच नाहीये." भोंग्याने मनाशी हिशेब केला. त्या भागात कापाकापी केली असणार, म्हणजे न कापलेलंही कुठेतरी असणारच. ते आईला आणून द्यायचं, बस्स! शाळा सुटल्यावर ती दप्तरासकट कारखान्यात थडकली.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे गोदामाचा एक कोपरा. भिंतींना जाड स्पंज चिकटवलेला, एक टेबल, दोन माइक. रेकॉर्डिंगवाली ताई एकटीच कानाला हेडफोन लावून बसली होती. भोंग्याने एका दमात सगळं सांगितलं.

ताईने हेडफोन काढले. "नाहीये गं ते. भाग बाहेर पडला की मूळ बोलणं पुसून टाकायचं, साहेबांचा हुकूम आहे. कापलेलं कुणाच्या हाती लागलं तर पुन्हा बातमी व्हायची."

"कुणी पुसलं?"

"मीच."

भोंग्याने दप्तर खाली टाकलं. "काय होतं त्यात?"

"फार अडखळत होते. बांधिलकीपाशी तर घोडं जे अडलं! शेवटी मला हात जोडून म्हणाले, बाई, त्यापेक्षा शिडीवरून उडी मारतो." ताई हसली. "आणि ते नाक! एकेक शिट्टी वेचून काढताना जीव मेटाकुटीला आला माझा."

भोंगा खुदकन हसली आणि हसता हसताच तिचं तोंड वाकडं झालं. "तेच हवं होतं हो ताई."

ताईने माइकची वायर गुंडाळून ठेवली. मग म्हणाली, "एक तुकडा आहे. पण त्यात कुणी बोलत नाही."

"म्हणजे?"

"बोलणं सुरू व्हायच्या आधी मी सगळ्यांना गप्प बसवते आणि नुसती खोली रेकॉर्ड करते. बोलणं कापलं की मध्ये भोकं पडतात. तिथे ही खोलीची शांतता भरायची, नाहीतर कानाला ठेच लागते. तुझ्या बाबांच्या दिवशी झकास मिळाली होती. नंतर शेजारी नवं यंत्र बसलं, तसली पुन्हा मिळाली नाही. दर भागात मी तीच भरते. पंख्याची थोडी कुरकुर आहे, पण कळत नाही कुणाला."

"ती पुसली नाहीत?"

"हुकूम बोलण्यापुरता होता. शांततेला कोण घाबरतंय?"

ताईने फोनवर दिलेला तो तुकडा भोंग्याने बसमध्ये तीनदा ऐकला. नुसती घूंऽऽ. हे घेऊन आईपुढे जायचं कोणत्या तोंडाने? तरी तिने घरी येऊन एक इयरफोन आईच्या कानात घातला, एक आपल्या.

"काही ऐकू येत नाही," आई म्हणाली.

"शांतता आहे ती. बाबा बसलेत तिथे. बोलायच्या आधी."

आईचा ओला हात तसाच हवेत राहिला. "गप्प बस."

"मी गप्पच आहे."

"अजून गप्प."

भोंगा जन्मात कधी नव्हे इतकी गप्प झाली. घूंऽऽ. आणि त्या घूंच्या खाली, पार तळाशी, एक बारीक शिट्टी. थांबली. पुन्हा आली.

"पंखा," भोंगा कुजबुजली.

"पंखा कसला? किटली आहे," आई म्हणाली, आणि ओट्याला धरून खाली बसली. तुकडा संपला की पहिल्यापासून लावायला लावायची. "हा घेतला श्वास... आता सोडतील... हं. सोडला." ते बाबा गेल्यापासूनचं तिचं पहिलं मोठं रडणं होतं. भोंगा नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा नवा भाग आला. या वेळी साहेब स्वतः बोलत होते, घडीच्या शिडीबद्दल. बोलण्यातल्या भोकांत ताई बाबांचीच शांतता भरते, हे भोंग्याने आईला सांगितलं होतं. आईने हातातलं काम टाकून फोन थेट कानाला लावला. साहेब बोलतायत आपले, सुरक्षा, परंपरा, बांधिलकी, वाक्याला वाक्य जोडून, थांबायचं नाव नाही.

"अहो साहेब," आई डोळे मिटून म्हणाली, "दम घ्या की जरा."