चुनखडीला ऑइलपेंट

पंपवाल्याच्या धाकट्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षीची गोष्ट. ती बाळंतपणाला माहेरी आलेली आणि टँकर सलग तीन दिवस आला नव्हता. दुपट्यांचा डोंगर साठला. शेवटी पंपवाल्याच्या बायकोने वैतागून ती मागच्या विहिरीच्या पाण्यात धुतली आणि दोरीवर टाकली. वाळल्यावर बघते तर सगळी नारिंगी.

"घ्या!" नवऱ्याच्या नाकापुढे एक दुपटं नाचवत ती म्हणाली. "चाळीस वर्षं खाणीचं पाणी उपसलंत. आता नातवंडांच्या ढुंगणालाही खाणच लावा."

पंपवाल्याने तिच्या हातून दुपटं घेऊन त्याची घडी घातली. खाण बंद होऊन सहा वर्षं झाली होती. कोळसा गेला, कामगार गेले, पंपसुद्धा भंगारात गेला. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात, पण इथे शेपूटच हत्तीपेक्षा मोठं होतं. कोळसा धुऊन वेगळा काढलेला टाकाऊ दगड घरांच्या मागे तीन मजले उंच साठला होता. त्या दगडात गंधक होतं, लोखंड होतं. त्यावर पाऊस पडला, वारा लागला की पाणी आंबायचं, लोखंड सोबत घेऊन खाली यायचं, ओढ्यात मिसळायचं आणि जमिनीतून झिरपत विहिरीत उतरायचं.

विहीर खोदली होती पंपवाल्याच्या वडिलांनी आणि थोरल्या भावाने. दादा तेव्हा सतरा वर्षांचा होता. आता अठ्ठ्याहत्तर. बायको गेल्यापासून तो धाकट्याकडेच राहायचा. विहिरीच्या कठड्यावर बसायचा आणि कंपनीला शिव्या द्यायचा. त्यात त्याचा दिवस बरा जायचा.

कंपनीने कागद पाठवला होता. विहिरीचं पाणी लागोपाठ तीन महिने चाचणीत ठीक आलं, तर विहीर ठेवू. नाही आलं, तर मलबा टाकून बुजवू आणि वर झाकण घालू.

"मलबा टाकायचा असेल तर आधी मला टाका," दादा म्हणाला. "आकाराने विशेष फरक पडणार नाही."

पाणी सुधारण्यासाठी उपाय मात्र चांगला निघाला होता, हे पंपवालाही कबूल करायचा. तो काढला होता प्रयोगशाळेतल्या बाईने. सगळे तिला लॅबवाली म्हणत. तिने ढिगाऱ्याच्या पायथ्याशी साठ पावलं लांबीचा एक चर खणून घेतला आणि त्यात नारळाएवढे चुनखडीचे दगड एका थरात भरले. आंबट पाणी त्यावरून वाहिलं की चुनखडी थोडी विरघळते आणि पाण्याचा आंबटपणा मारते. मग पाणी पुढच्या दोन तळ्यांत थांबतं. तिथे लोखंडाचा नारिंगी गाळ तळाला बसतो, आणि शेवटी पाणकणसांच्या वाफ्यातून निघालेलं पाणी ओढ्याला मिळतं.

चराची राखण करायला तिने पंपवाल्यालाच ठेवलं.

"काका, चुनखडी म्हणजे साबणाची वडी समजा," तिने सांगितलं होतं. "झिजली तरच कामाची. वर लोखंडाची खपली धरली की साबण पिशवीतच राहिला म्हणायचा. म्हणून आठवड्यातून एकदा दगड पहारीने हलवायचे, एकमेकांवर घासायचे."

पंपवाल्याने हे मनापासून केलं. रोज सकाळी तो कागदाची पट्टी पाण्यात बुडवायचा. लाल म्हणजे आंबट, हिरवी म्हणजे बरं. सुरुवातीला पट्टी रक्तासारखी लाल यायची. मग शेंदरी, मग पिवळी, आणि एके दिवशी हिरवटसर. ती पट्टी त्याने खिशात घालून घरी नेली आणि बायकोला दाखवली. ती म्हणाली, "आता हिला काय ओवाळू?" पण तिने ती आरशाच्या चौकटीत खोचून ठेवली.

पहिल्या महिन्याची चाचणी ठीक आली. दुसऱ्या महिन्याचीही आली. राहिली एक.

आणि इथे साहेब मध्ये आला.

जागेचा व्यवस्थापक होता तो. लोक त्याला चकाचक म्हणत, कारण दर दुसऱ्या वाक्यात तो शब्द असायचा. खाण चालू असताना पाहणीच्या आधी फाटकापासून कुंड्यांपर्यंत सगळ्याला रंग लागायचा. एकदा तर गंजलेल्या अग्निशामक नळकांड्यांना लाल रंग देऊन वर तारीख नवी घातली होती. खाण बंद पडली, पण खोड गेली नाही. तिसऱ्या महिन्याच्या बारा तारखेला वरचे अधिकारी यायचे होते. दहा तारखेला सकाळी पंपवाला पहार घेऊन चरावर गेला, तर चराचं तोंड फळी पाडून बंद केलेलं, पाणी बाजूने सरळ ओढ्यात सोडलेलं, आणि चार रंगारी कोरड्या दगडांवर उकिडवे बसलेले.

"हे काय चाललंय?"

"रंग," एक रंगारी म्हणाला. डबा उचलून त्याने दाखवलाही. पांढरा ऑइलपेंट. कुंपणाच्या भिंतीचा उरलेला.

पंपवाला धावत कचेरीत गेला. चकाचक आरशात बघून टाय नीट करत होता.

"साहेब, चुनखडीला रंग देतायत!"

"दिसलं ना? छान उठून दिसतंय. ते दगड पार नारिंगी पडले होते. पाहुणे काय म्हणतील? स्वच्छतेचा प्रकल्प आणि दगडच घाण?"

"साहेब, ते नारिंगी पडतात कारण ते काम करतात."

"काम करावं की. चकाचक राहून करावं."

"अहो, तो दगड विरघळायला पाहिजे. रंगाखालून कसा विरघळेल? साबणाला प्लास्टिक गुंडाळून अंघोळ होते का?"

चकाचकने त्याच्याकडे दयेने पाहिलं. "पंपवाले, तुमचा अनुभव मोठा आहे. पण हे शास्त्र आहे."

पालथ्या घड्यावर पाणी. त्यातही पाणी आंबट. पंपवाला तिथून निघाला तो लॅबवालीकडे गेला. तिने सगळं ऐकलं, चष्मा काढला आणि दोन्ही तळव्यांनी डोळे दाबून धरले.

"मला विचारलं असतं तर..." ती म्हणाली. मग म्हणाली, "मला कशाला विचारतील?"

ती तडक कचेरीत गेली आणि पाऊण तासाने लालबुंद होऊन परतली. येताना तिच्या हातात एक फलक होता. तिनेच तो चरापाशी लावावा, असा हुकूम होता. फलकावर लिहिलं होतं, 'रंगवलेल्या दगडांना हात लावू नये.'

बारा तारखेला फळी उचलून पाणी परत चरात सोडलं आणि अधिकारी आले. सूर्यप्रकाशात चर असा चमकत होता की दोघांनी डोळ्यांवर हात धरले. फोटो निघाले. चहा झाला. पंपवाल्याने एका अधिकाऱ्याला "साहेब, पट्टी बघता का?" असं विचारलं, तर त्याने खिशातून किल्ली काढून दिली. त्याला वाटलं, हा गाडी लावणारा माणूस आहे.

पंधरा तारखेला चराच्या शेवटी पट्टी लाल आली. अठराला विहिरीतली पट्टी पिवळी. नमुना घ्यायचा होता तीस तारखेला.

त्या दिवशी दादा जेवला नाही. कठड्यावर बसून राहिला. शिव्याही देईना, म्हणून पंपवाल्याच्या बायकोला जास्त काळजी वाटली.

"जा, बघा त्यांच्याकडे," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि काहीतरी करा. नाहीतर मी जाते त्या टायवाल्याकडे दुपटी घेऊन."

"दादा, चल, चरावर जाऊन येऊ," पंपवाला म्हणाला.

"काय बघायला? सोंग?"

तरी गेले. दादा काठीने चालत चरापर्यंत आला, फलक वाचला, फलकावर थुंकला. मग काठीच्या टोकाने त्याने एक पांढरा दगड उलथला. दगड कडेला लोळला आणि पोट वर करून पडला. गाळात रुतून पाण्यापासून दूर राहिलेलं ते पोट रंगवलेलंच नव्हतं. राखाडी, खडबडीत, कोरी चुनखडी.

पंपवाल्याने वाकून दगडावरून अंगठा फिरवला.

"फक्त वरून दिलाय," पंपवाला म्हणाला.

"मग काय खालूनही देतील? या कंपनीत?" दादा म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी मनापासून हसला. "हयात गेली यांच्या कामचुकारपणाला शिव्या देण्यात. पहिल्यांदा कामी आला बघ!"

दुसऱ्या दिवसापासून दोघांनी दगड पालथे घालायला सुरुवात केली. पंपवाला पाण्यात उतरून पहारीने दगड फिरवायचा. दादा काठावर स्टूल टाकून बसायचा आणि राहिलेले दाखवायचा. "तो. अरे तो नव्हे, त्याच्या मागचा! डोळे आहेत की बटणं?" जिथे हात पोचेल तिथे तो स्वतःही वाकायचा. नको म्हटलं तर म्हणायचा, "विहीर खोदताना तू दुपट्यात होतास. मला शिकवू नकोस." संध्याकाळी घरी आल्यावर त्याला पाठ सरळ करता यायची नाही आणि पंपवाल्याची बायको पाठ शेकायला गरम पाण्याची पिशवी आणून द्यायची.

तिसऱ्या दिवशी लॅबवाली तिथून गेली. उलटे दगड बघितले, फलक बघितला.

"काका, मला चष्म्याशिवाय काही दिसत नाही," ती म्हणाली आणि चष्मा काढून खिशात ठेवत पुढे गेली.

सहा दिवस लागले. सत्तावीसला विहिरीतली पट्टी हिरवटसर झाली. तीसला नमुना गेला. चाचणी ठीक आली. विहीर वाचली. तिच्यावर पाटी लागली, पिण्यास नको, बाकी वापरास हरकत नाही. पंपवाल्याच्या बायकोने त्याच दिवशी दुपटी धुतली आणि एकेक उजेडात धरून पाहिलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण आठवड्याने चकाचकने पंपवाल्याला बोलावून अहवाल वाचून दाखवला. "दगडांच्या रंगकामानंतर पाण्याच्या दर्जात लक्षणीय सुधारणा आढळली. सबब सदर रंगकाम दर सहा महिन्यांनी करावे." वाचून झाल्यावर साहेबाने वर पाहिलं. "काय पंपवाले? म्हणत होतो ना, शास्त्र आहे?"

पंपवाल्याने कपाळावर हात मारला. घरी येऊन सांगितलं, तेव्हा बायको म्हणाली, "खरं सांगून टाका ना."

"सांगितलं तर म्हणतील खालूनही रंग द्या."

त्यावर दादाने तोड काढली. रंगारी यायच्या आदल्या दिवशी सगळे दगड रंगाची बाजू वर करून ठेवायचे. त्यांना त्याच बाजूला पुन्हा रंग देऊ दे. ते गेले की परत पालथे. रंगाचा थर चढेल, पोट कोरं राहील. तेव्हापासून चराचं काम असंच चालतं. पंपवाला वर्षातून चार वेळा ते दगड फिरवतो, चारही वेळा साहेबाचा उद्धार करतो, आणि दगड अजून झिजतात.

पहिल्या फेरीला दादा स्टुलावर होता. नंतर नव्हता. जुळ्यांचा पहिला वाढदिवस झाला, त्यानंतर अकराव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, दादा गेला. वय एकोणऐंशी. त्याला शेवटची अंघोळ विहिरीच्या पाण्याने घातली.