दस्ती त्यांच्या हातात

आमचा नवरा-बायकोच्या भांडणाचा खेळ अहमदपूरपासून किनवटपर्यंत ठाऊक हाय. लिहिलेलं काईच नसायचं. लोकांनी विषय द्यायचा अन् आमी तिथंच भांडायला लागायचं. नेम एकच. लाल दस्ती, म्हंजी हातरुमाल, ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं. दुसऱ्यानं पापनीबी हलवायची न्हाई, न्हाईतर लोकांची नजर फुटती. हा नेम आमच्या ह्यांचा, शेषेरावांचा. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला का मी कुणाच्या बापाला ऐकत न्हाई, पन दस्तीपुढं गप ऱ्हायची.

मग ह्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं अन् आवाज गेला तो गेलाच. तरी लातूरच्या कार्यक्रमाला संगं येनारच म्हनून खुणेनं हट्ट धरला. मी म्हनलं, "बरं, नुस्तं उभं ऱ्हावा. दोघांचं मीच बोलते. दस्ती तेवढी मागू नका." त्यांनी मान हलवली. चारचौघांत ह्यांचं हसं होऊ नये, एवढीच माझी धडपड होती.

विषय आला, नवऱ्यानं भाजी करपवली. मी सुटले. लोक हसून राहिले होते. अन् ह्या बाबानं मधीच हात पुढं केला. जलमभर त्या हातात दस्ती देत आले, माझा हात आपसूक गेला.

ते बोलायला लागले. नुस्ते ओठ हलत होते. लोकांना वाटलं, बायकोपुढं नवऱ्याची बोलती बंद, हाच खेळ. हसून हसून मंडप डोक्यावर घेतला त्यांनी. एवढं हसू आमाला कधीच मिळालं नव्हतं. माझा जीव तीळतीळ तुटत होता, पन दस्ती त्यांच्या हातात, मी हलले न्हाई.

मग ध्यानात आलं, ते लोकांशी बोलतच नव्हते. माझ्याकडं बघून बोलत होते, डोळे भरून. भाजीचं न्हाई, दुसरंच काईतरी. मला एक अक्षर उमगलं न्हाई. शेवटी त्यांनी दस्ती परत दिली अन् टाळ्या पडल्या.

परतीच्या एसटीत मी ती त्यांच्या हातात ठेवली. म्हनलं, "आवं, परत बोला की. हितं कुनी हसायला न्हाई. सावकाश बोला, मी ओठ बघते."

त्यांनी दस्तीची घडी घातली, माझ्या मांडीवर ठेवली अन् खिडकीकडं तोंड केलं.

तवापासून दस्ती माझ्याकडंच हाय. घरात दिवसभर मीच बोलते. ते समोर बसून नेम पाळतात, पापनीबी हलवत न्हाईत.