शहाण्यासारखी

त्या शिवणकाम करणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणत. धाकटी बहीण वारल्यावर तिची झोप उडाली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गोळी सुरू केली होती. आता बरं वाटत होतं, म्हणून तिनेच ती सोडायचं मनावर घेतलं.

"एकदम नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "पायरीपायरीने उतरायचं."

पहिल्याच पायरीला डोक्यात झटके सुरू झाले. मान वळवली की कवटीत विजेची तार टेकवल्यासारखं व्हायचं. दरदरून घाम फुटायचा, सुईत दोरा गेला नाही तरी रडू कोसळायचं. तिने कापड बेतणं बंद केलं, नुसती बटणं आणि काजं करू लागली. एकदा जेवताना सासू म्हणाली, "हिच्या हातात मेलं काही धड राहत नाही." मावशीने ताट भिरकावलं आणि नवऱ्याकडे वळली.

"माझी बहीण शेवटचं बोलवत होती मला. तुम्ही जाऊ दिलं नाहीत."

इतक्या वर्षांत हे ती पहिल्यांदाच बोलली.  दुसऱ्या दिवसापासून नवरा रोज संध्याकाळी स्वतः दूध गरम करून तिच्या हातात देऊ लागला.

हळूहळू झटके थांबले. मावशी हरखली. डॉक्टरीणबाईंनी गोळी आणखी कमी केली आणि शेवटी बंदच केली. "मन घट्ट केलं की जमतं," असं मावशी गल्लीभर सांगत सुटली. नवराही मान डोलवायचा.

मग तो कचेरीच्या कामाने परगावी गेला. दोन-तीन दिवसांतच, एका गिऱ्हाइकाचा कोट बेतत असताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कात्री कापडात भलतीकडेच फिरली. ती भिंतीला धरून ओकत बसली. सासू दारातून बघत होती.

"मला नाही बाई ते कुटायला जमत," ती वैतागून म्हणाली. "त्याला सांगितलं होतं मी."

"काय कुटायला?"

"तुझी गोळी. दुधातली."

मावशीने नवऱ्याला फोन लावला. त्याने आढेवेढे घेतले नाहीत.

"घरात शांतता होती की नाही? तूही खूश होतीस."

"मी बरी झाले म्हणून खूश होते."

"बघ, लगेच आवाज चढला. म्हणूनच देत होतो."

डॉक्टरीणबाई सुन्न झाल्या. म्हणाल्या, "पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल. आणि त्या घरात राहून नको." मावशीने आपल्या शिवणाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत पथारी टाकली. पूर्ण गोळी पुन्हा सुरू झाली, पण डोकं ठिकाणावर यायला वेळ लागत होता.

परत आल्यावर नवऱ्याने गल्लीत सांगितलं, की हिचं डोकं फिरलंय, हातात कात्री देऊ नका. गिऱ्हाइकं न शिवलेलं कापड मागायला येऊ लागली. तशाच दोघी-तिघी दारात उभ्या असताना तो आला.

"चल घरी," तो मायेने म्हणाला. "आई वाट बघतेय."

मावशीच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण ती ओरडली असती, तर त्याचंच खरं ठरलं असतं. तिने दात आवळले, झटका ओसरेपर्यंत थांबली आणि हातातल्या शर्टाच्या बटणाला पुढचा टाका घातला.

"मी इथेच राहणार आहे," ती हळू आवाजात म्हणाली.

तो बायकांकडे वळून हसला.

"बघितलंत? गोळी पोटात गेली की कशी शहाण्यासारखी बोलते."

बायकांनी समजुतीने माना हलवल्या आणि आपापलं कापड उचललं.